अनुभव धागा: 'मेर्कु तोडर्चि मलै' आणि पडद्यावरचे डोंगर

मागच्या शनिवारी राजमाचीचा बेत पावसाने उधळला. सॅक भरलेली, थालीपिठं डब्यात, आणि मी घरात. चिडून लॅपटॉप उघडला आणि कुणीतरी कधीचा सुचवून ठेवलेला एक तमिळ सिनेमा लावला. 'मेर्कु तोडर्चि मलै', २०१८ चा. मेर्कु म्हणजे पश्चिम, तोडर्चि म्हणजे सलग चाललेली ओळ, मलै म्हणजे डोंगर. म्हणजे हा तर आपला सह्याद्रीच की! फक्त पार खालचा, तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातला. माथ्यापलीकडे केरळ आणि वेलदोड्याचे मळे, अलीकडे कोरडं खोरं. पावसाने कोकणाला झुकतं माप द्यावं आणि देशाला हात आखडता घ्यावा, तोच प्रकार तिथेही.

गोष्ट एवढीशी आहे. रंगसामी हा भूमिहीन मजूर. वरच्या मळ्यांतून वेलदोड्याची पोती वाहून खाली आणायची आणि पै-पै जोडून कधीतरी स्वतःचा जमिनीचा तुकडा घ्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. दिग्दर्शक लेनिन भारती यांचा हा पहिलाच सिनेमा. निर्माते विजय सेतुपती, संगीत इळैयराजांचं, तेही मोजकं. आणि कॅमेरा तेनी ईश्वर यांचा, म्हणजे नावातच जिल्हा घेऊन फिरणाऱ्या माणसाचा.

पहिली वीस मिनिटं मी ट्रेकरच्या डोळ्यांनी बघत होतो. काय ती धार, काय ते धुकं, इथे तंबू कुठे ठोकता येईल वगैरे. मग हळूहळू लाज वाटायला लागली. कारण आपण माथ्यावर पोचलो की थांबतो, फोटो काढतो, डबा उघडतो. हा सिनेमा माथ्यावर थांबतच नाही. त्या माणसांच्या लेखी माथा म्हणजे पोचायची जागा नव्हे, ओझं उचलायची जागा. कॅमेरा इतका लांब उभा राहतो की अख्ख्या डोंगरावर माणूस मुंगीएवढा दिसतो, पण त्याच्या पाठीवरचं पोतं मात्र दिसतं. एका ठिकाणी असंच पोतं हातचं सुटून उतारावरून घरंगळत जातं. फ्रेम सुंदर आहे, आणि ती सुंदर आहे याचाच राग येतो.

तर धाग्याचा विषय हा. तमिळ सिनेमातला एखादा डोंगर, नदी, शेत, पाऊस तुमच्या डोक्यात घर करून बसलाय का? कुठे पाहिलात, कुणाबरोबर, आणि नंतर आपल्याकडचा डोंगर बघताना काही वेगळं वाटलं का? हाच सिनेमा हवा असं नाही. भाषा येत नसेल तरी चालेल, मलाही 'वणक्कम'च्या पुढे काही येत नाही.

पाटण, जि. सातारा

मी शेवटाबद्दल लिहितोय. ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी माझं सोडून पुढं जावा.

आमच्याकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होतो. आधी ते पठार म्हणजे नुसतं गवत. पावसाळ्यात चिंब, धुक्यात पुढची म्हैस दिसत नाही, आणि उन्हाळ्यात कुसळं. आमच्या चुलत्याची तिथं जमीन होती. जमीन म्हणजे काय, नाचणी-वरी व्हायची थोडी, बाकी गवत कापून विकायचं. वाऱ्यामुळं काही टिकायचं नाही. तोच वारा विकत घ्यायला माणसं आली. चुलत्यानं कागदावर अंगठा नाही, सही केली, सातवी शिकलेला आहे तो. पैसे आले, एका लग्नात आणि एका दवाखान्यात गेले. आणि दोन वर्षांनी त्याच चक्कीच्या बुडात तो वॉचमन म्हणून लागला. निळा शर्ट, शिट्टी, एक बॅटरी.

या सिनेमात रंगसामीचं शेवटी तेच होतं. जी जमीन जन्मभर मागितली तिच्यावरच्या पवनचक्कीखाली तो राखण करत बसतो, आणि कॅमेरा वर वर जातो, अख्खं खोरं चक्क्यांनी भरलेलं दिसतं. मी जेवताना बघत होतो. ताट तसंच राहिलं.

पठारावर आता शनिवार-रविवार गाड्या येतात. पवनचक्की, ढग आणि पोरगी असा फोटो काढतात. चुलता त्यांना बाजूला व्हा म्हणतो, कारण त्याला तसं सांगितलेलं आहे. फोटोत तो नसतो.

माटुंगा, मुंबई

माझं वय बासष्ट, तेव्हा माझा सिनेमाही जुना. 'रोजा', १९९२. आमच्या मजल्यावर चार घरं तमिळ, दोन मराठी. अरोरा टॉकीजला तमिळ सिनेमा लागला की शेजारच्या मामी मला हाताला धरून नेत. भाषांतराची सोय म्हणजे मामी. त्या कानात मराठी-हिंदी-तमिळ अशी खिचडी कुजबुजायच्या आणि मागचे लोक ओरडायचे.

'चिन्न चिन्न आसै' सुरू झालं आणि मामींची कुजबुज थांबली. पाणी, शेतं, डोंगर, आणि त्यातून हुंदडणारी ती मुलगी. संतोष सिवन यांचा कॅमेरा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मामी रडताहेत. त्यांचं माहेर तेनकाशीकडचं आणि रोजाचं गाव म्हणून जे दाखवलंय ते सुंदरपांडियपुरम त्यांच्या गावापासून जवळ. लग्न होऊन त्या माटुंग्याच्या दोन खोल्यांत आल्या त्याला वीस वर्षं झाली होती.

पुढे त्यांच्याबरोबर मी तिकडे गेलेही. कुत्तालमच्या धबधब्यात डोकं धरलं, सुंदरपांडियपुरमला सूर्यफुलांची शेतं पाहिली. मागे डोंगर, पुढे पिवळंधमक. मामी म्हणाल्या, सिनेमा आला आणि गेला, आता लोक गाडी थांबवून फुलं बघतात, आमच्या लहानपणी कुणी थांबायचं नाही.

आणि एक गंमत. त्या सिनेमातलं काश्मीर काश्मीर नाहीच! तेव्हा तिथली परिस्थिती पाहता चित्रीकरण मनाली, उटी-कुन्नूरकडे केलेलं. मी मात्र कित्येक वर्षं 'काश्मीर पाहिलंय, सिनेमात' असं सांगत होते.

सिंगापूर

थोडक्यात लिहितो. '९६', २०१८. सुरुवातीचं गाणं. नायक प्रवासी छायाचित्रकार, एकटाच, वाळवंट, समुद्र, बर्फ, घाट, सगळीकडे कॅमेरा घेऊन. इथे तमिळ राजभाषांपैकी एक असल्यामुळे थिएटरात सहज बघायला मिळतं. बायको म्हणाली, याला देश दाखवायचाय की याचं एकटेपण? मी म्हटलं गाणं संपलं की सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

जुन्नर

माझे वडील एसटीत चालक होते. आळेफाटा ते कल्याण, म्हणजे मालशेज घाट त्यांच्या पायाखालचा, खरं तर चाकाखालचा. 'रावणन' (२०१०) च्या चित्रीकरणासाठी मणिरत्नम यांची माणसं मालशेजला येऊन गेली होती, ही बातमी आमच्या तालुक्यात सिनेमा यायच्या आधी पोचली होती. हिंदी 'रावण' आम्ही थिएटरात पाहिला, तमिळ नंतर टीव्हीवर, आणि तमिळच जास्त आवडला, विक्रममुळे.

वडिलांनी तो बघायचा खेळ करून टाकला. कातळावरून पाणी ओघळताना दिसलं की 'आपला घाट'. ढग दरीतून उलटे वर आले की 'आपला घाट'. केरळातला अतिरप्पिळ्ळीचा धबधबा आला, एवढा प्रचंड, तर म्हणे 'हाही आपलाच, पाऊस जास्त झालाय'. आम्ही पोट धरून हसलो.

सिनेमाभर पाऊस आहे. सगळं ओलं, काळं-हिरवं, शेवाळलेलं. संतोष सिवन आणि व्ही. मणिकंदन दोघांचा कॅमेरा आहे, आणि डोळ्यांना तृप्ती म्हणजे काय ते कळतं. पण मध्येच वडील गप्प झाले. विचारलं तर म्हणाले, "छान आहे रे. पण असा पाऊस असला की मी स्टेअरिंगवर वाकून वर बघत गाडी चालवायचो. दरड कुठून येईल याचा भरवसा नाही. पोरंसोरं मागनं खिडकीतनं ओरडायची, धबधबा धबधबा."

वर धागाकर्त्यांनी लाज वाटल्याचं लिहिलंय, त्यावरून हे आठवलं.

पुणे, कर्वे रस्ता

वरच्या दोन्ही प्रतिसादांत संतोष सिवन यांचं नाव आलं म्हणून एक पुणेरी पुरवणी (अभिमानाचा दोष पदरात घ्यावा). ते आमच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. आणि त्यांच्या कितीतरी आधी तिथूनच बाहेर पडले ते बालू महेंद्र. जन्म श्रीलंकेतला, शिक्षण पुण्यातलं, काम दक्षिणेतलं.

मी त्या परिसरात वाढलो. सत्तरच्या दशकात संस्थेतली मुलं संध्याकाळी वेताळ टेकडीवर येऊन हाताची चौकट करून उजेड बघत बसायची, आणि आम्हाला ती वेडी वाटायची. बालू महेंद्र त्याच्याही आधी शिकून गेलेले. पण 'मुळ्ळुम मलरुम' (१९७८) पाहिला तेव्हा मला ती टेकडीवरची मुलंच आठवली. दिग्दर्शन महेंद्रन यांचं, कॅमेरा बालूंचा. शृंगेरीच्या परिसरातले डोंगर, आणि त्यात विंच, म्हणजे ओझं ओढायचं यंत्र, चालवणारा काळी. काळी म्हणजे रजनीकांत, अजून 'सुपरस्टार'पण अंगावर चढायचं होतं तेव्हाचा, आपला गायकवाडांचा शिवाजी. एक गाणं आहे, जीप डोंगरातून वळणं घेत जाते, येसुदास गातात. बस, एवढंच. त्यात सकाळचा उजेड पानांवर जसा पडतो तसाच पडलेला आहे, कुणी वरून ओतलेला नाही. त्या काळात बाहेर चित्रीकरण करतानासुद्धा चेहऱ्यांवर भगभगीत दिवे मारायची पद्धत होती. बालू दिवा मारण्यापेक्षा ढग सरकण्याची वाट बघत असावेत, असं ते गाणं पाहताना वाटतं.

'मून्ड्राम पिरै'साठी (१९८२) त्यांना छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपण त्याचा हिंदी अवतार 'सदमा' पाहिलेला असतो. तो शेवट, पावसातलं रेल्वे स्टेशन, कमल हासनच्या माकडउड्या आणि निघून गेलेली गाडी. ते उटीजवळचं केत्ती स्टेशन. निवृत्तीनंतर निलगिरीच्या छोट्या गाडीने गेलो तेव्हा केत्तीला उतरलो. ऊन पडलं होतं, चहावाला होता, फलाटावर दोन कुत्री. सिनेमातलं दुःख तिथे कुठेच सापडेना. बायको म्हणाली, पावसाळ्यात यायला हवं होतं.

पणजी

मला हे लिहावं की नाही असं तीन दिवस चाललं होतं.

२०१८ च्या इफ्फीत, म्हणजे आमच्याकडच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, 'पेरन्बू' पाहिला. दिग्दर्शक राम, कॅमेरा पुन्हा तेनी ईश्वर. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, बायको सोडून गेलेली, आणि बाप (मामुट्टी) मुलीला घेऊन माणसांपासून दूर, डोंगरातल्या तळ्याकाठच्या घरात राहायला जातो. कोडैकानलचा भाग. सिनेमा प्रकरणांत विभागलाय आणि प्रकरणांची नावं निसर्गाला विशेषणं लावून दिलेली. निसर्ग क्रूर आहे, अशा धर्तीची.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, त्याच आजाराची. आम्हाला सगळे सांगायचे, तिला निसर्गात न्या, समुद्रावर न्या, बरं वाटेल. आम्ही नेतही होतो. चाकांची खुर्ची वाळूत रुतते, हे सल्ला देणाऱ्यांना माहीत नसतं.

सिनेमात धुकं आहे, तळं आहे, झाडं आहेत, सगळं इतकं देखणं की श्वास रोखला जातो. आणि तिथे बाप मुलीला हसवायला नाचतो, भुंकतो, नाना सोंगं करतो, कॅमेरा हलत नाही, आणि मुलगी त्याच्याकडे बघत नाही. त्या धुक्याने कुणाचं सांत्वन केलं नाही, याबद्दल मी त्या दिग्दर्शकाची आभारी आहे. निसर्ग तिथे होता, एवढंच. आमच्याकडेही मांडवी असते, संध्याकाळी खिडकीतून दिसते. मुलीला तिच्यावरच्या फेरीबोटीचा भोंगा आवडतो. पाणी नाही, भोंगा.

तंजावूर (सध्या चेन्नई)

नमस्कार. आमची मराठी तुम्हाला जुनाट वाटेल, सांभाळून घ्या. व्यंकोजीराजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले, घरात अजून मराठी बोलतो, पण लिहितो तमिळच. हे पोरीकडून टाइप करून घेतोय.

तुम्ही सर्व निसर्ग निसर्ग म्हणता आहात, तर तमिळ माणसाच्या डोक्यात तो कसा बसलाय हे सांगतो. दोन हजार वर्षांमागचं संगम काव्य जमीन पाच जातींची मानतं, आणि प्रत्येक जमिनीला मनाची एक अवस्था. त्याला तिणै म्हणतात, आणि नावं तिथल्या फुलाझाडांची. डोंगर म्हणजे कुरिंजी, तिथे प्रेमिक गुपचूप भेटतात. रान म्हणजे मुल्लै, तिथे वाट पाहणं. शेतं, पाटपाणी म्हणजे मरुदम, तिथे नवराबायकोचा रुसवा. समुद्राकाठ म्हणजे नेय्दल, तिथे झुरणं. आणि पालै म्हणजे उजाड, तिथे ताटातूट. पालै ही मुळात निराळी जमीन नाहीच. डोंगर आणि रान उन्हाने करपले की त्यांचंच पालै होतं. कवीने नुसतं फुलाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला कळायचं, आता कोण रडणार आहे. आमच्या सिनेमावाल्यांनी हे शाळेत घोकलेलं असतं. मग कॅमेरा डोंगराकडे वळला तर तो नुसता डोंगर कसा राहील?

आता माझा सिनेमा. 'मेय्यळगन', २०२४. प्रेमकुमार यांचा, तेच '९६' वाले. त्यात डोंगर नाही, धबधबा नाही. तंजावूर मुलूख म्हणजे सपाट, कावेरीच्या कालव्यांचा, म्हणजे मरुदम. वाडवडिलांचं घर गमावून चेन्नईला गेलेला अरुळ बावीस वर्षांनी एका लग्नासाठी नीडामंगलमला येतो आणि एका अशा नातेवाइकाच्या घरी रात्र काढतो ज्याचं नावच त्याला आठवत नाही. बहुतेक सिनेमा रात्रीचा. कॅमेरावाले महेंद्रन जयराजू यांनी अंधारातलं पाणी, रस्त्याकडेची झाडं, लांबचा एक दिवा, एवढ्यावर आमचा सगळा मुलूख उभा केलाय. तो नातेवाईक सांगतो की तुम्ही मागे टाकून गेलात ती जुनी सायकल माझ्या उपयोगी पडली, तिच्यावर आमचं घर उभं राहिलं. मी उठून हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो.

आमचंही राजवाड्यामागचं घर असंच गेलं. अंगणात रांजण होता. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायचा रिवाज, ते कालव्याने आमच्याकडे पोचलं की अम्मा पाण्याला हळदकुंकू वाहायची. बाकी घर कसं होतं ते मला फारसं आठवत नाही. त्या पाण्याचा वास आठवतो, मातीचा आणि थोडा शेणाचा. सिनेमाला वास नसतो, पण त्या रात्रीच्या दृश्यांत मला तो आला.

धागाकर्ता

तंजावूरच्या काकांना साष्टांग. कुरिंजीवरून एक जोडून देतो. कोडैकानलकडे बारा वर्षांनी फुलणारी निळी कुरिंजी आणि आपल्याकडे सात वर्षांनी फुलणारी कारवी, दोन्ही एकाच कुळीतल्या बहिणी. मी कारवीच्या वर्षी भीमाशंकरला जाऊन आलोय आणि तेव्हा डोक्यात 'फोटो चांगले येतील' एवढंच होतं. बहिणीला तिकडे एवढी कविता चिकटलीय हे माहीतच नव्हतं.

नागपूर

सगळे हिरवं हिरवं करून राहिले, म्हणून मुद्दाम लिहितो. मला हिरव्या सिनेमांचा थोडा कंटाळा आहे. अलीकडे ड्रोन स्वस्त झालं आणि ज्याला त्याला वरून नारळाची झाडं दाखवायची असतात. रंगही नंतर इतके चढवतात की भाताचं शेत प्लास्टिकचं वाटतं.

माझा सिनेमा 'कर्णन', २०२१, मारी सेल्वराज. कॅमेरा, ऐका, परत तेनी ईश्वरच! पण इथे धुकं नाही न् वेलदोडा नाही. तिरुनेलवेली-तूत्तुकुडीकडचा कोरडा भाग, धूळ, काटेरी झुडपं, खडक. आणि पुढचे पाय बांधलेलं एक गाढव, ते उड्या मारत टेकडीवरून फिरतं. गावाला बस थांबा नाही, ही त्या सिनेमाची मूळ ठिणगी. त्या उजाड माळावर माणसं बसची वाट बघत उभी राहतात तेव्हा ऊन तुमच्या डोक्यावर येतं.

आमचा मे महिना असाच असतो. ४५-४६ डिग्री, पळसाचीही फुलं संपलेली, माती पांढरी. पाहुणे येतात आणि म्हणतात, इकडे बघण्यासारखं काही नाही का? मी त्यांना आता कर्णन दाखवतो. काका, तुमचं पालै ते हेच ना? आमच्याकडे त्याला नाव नव्हतं.

शिरूर तालुका, जि. पुणे

आमच्या जवळ मोराची चिंचोली आहे. पुण्या-मुंबईची माणसं पहाटे मोर बघायला येतात, पिठलं-भाकरी खातात, खूश होऊन जातात. मोर देखणाच. पण पेरणी झाल्यावर तोच मोर रानात उतरला की काय करतो ते पेरणाऱ्याला विचारा. हाकलायचं, दगड भिरकावायचा नाही, इजा करायची नाही. कायदा आहे, आणि तो बरोबरच आहे. तरी दाणे उकरलेले दिसले की तोंडात शिवी येते आणि पिसारा दिसला की ती गिळली जाते.

'कडैसी विवसायी' म्हणजे शेवटचा शेतकरी. २०२२ साली आला. एम. मणिकंदन यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि कॅमेराही स्वतःच धरला. म्हातारा मायांडी. गावदेवाची जत्रा करायची तर नवं भात हवं, आणि गावात भात लावणारा हा एकटाच उरलेला. त्याच्या रानात मोर मरून पडलेले सापडतात, तो बिचारा त्यांना पुरतो, आणि मोर मारल्याच्या गुन्ह्याखाली त्यालाच आत टाकतात. त्याला खटल्याची फिकीर नाही. रोपाला पाणी कोण देणार, ही फिकीर. शेवटी न्यायाधीश बाई एका हवालदाराला त्याच्या वाफ्याला पाणी द्यायला पाठवतात! मी टाळी वाजवली, एकटीच होते घरात.

यातला निसर्ग म्हणजे फार काही नाही. दोन-चार वाफे, त्यात बोटभर रोपं, विहीर, दोन बैल, मागे एक डोंगर. पण कॅमेरा त्या रोपांशी म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतो, वाकून, गुडघे दुमडून. माझे आजोबा असेच बसायचे कांद्याच्या रोपाजवळ. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. आजी म्हणायची, "बसून वाढतंय व्हय ते?" ते म्हणायचे, "बसल्यानं कळतं तरी."

मायांडीचं काम करणारे नल्लांडी हे नट नव्हते, खरेच शेतकरी होते. ऐंशी ओलांडलेले. सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच ते गेले. सिनेमाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नल्लांडींचा विशेष उल्लेख झाला, तो त्यांच्या माघारी. एक दृश्य आहे, दुकानदार त्यांना बी नसलेल्या टोमॅटोचं कौतुक सांगतो आणि म्हातारा त्यावर असं काही सुनावतो की इथे लिहिता येत नाही. आमच्या गावच्या कृषी केंद्रात ते दृश्य मोबाइलवर दाखवलं. मालक हसले. मग म्हणाले, बियाणं घ्यायचंय का नुसतं सिनेमा दाखवायला आलीस?

धागाकर्ता

सोमवारी ऑफिसात हा विषय काढला. आमच्यात एक जण बोडीनायक्कनूरचा आहे, तेनी जिल्ह्यातलाच. मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं की तुमचा डोंगर काय दाखवलाय! तो म्हणाला, "सर, तुम्ही कुरंगणीला ट्रेकला जाणार का आता?" तिथे 'मैना'चं (२०१०) चित्रीकरण झालं आणि माणसं यायला लागली. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच डोंगरात वणव्यात ट्रेकर सापडले, वीसहून जास्त जणांचा जीव गेला. त्याचा भाऊ तेव्हा गावातल्या लोकांबरोबर वर गेला होता, त्यांना खाली आणायला. त्यावर तो जास्त बोलला नाही, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "सिनेमात वाट बरोबर दाखवली आहे. माझी आजी त्याच वाटेने वर मळ्यात जायची. तिला वाट पाठ होती, व्ह्यू नाही."

पाटण, जि. सातारा

परत येतोय. रविवारी गावी गेलो होतो, मोबाइल टीव्हीला जोडून चुलत्याला सिनेमा दाखवला. तमिळ कळत नाही, खालचं इंग्रजीही नाही, मी मध्ये मध्ये सांगत होतो. पोतं घरंगळतं तिथं तो मोठ्यानं म्हणाला, "तोंड नीट शिवलं न्हवतं." धुक्याला काही म्हणाला नाही. गवत दिसलं तिथं विचारलं, कुठल्या महिन्यातलं हाय हे.

शेवटी रंगसामी चक्कीखाली बसतो, कॅमेरा वर जातो, गाणं-बिणं काही नाही. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. चहा पिऊन झाला, कप खाली ठेवला.

"रात्रपाळीचं याला किती देत्यात, सांगितलं का त्यात?"

मी म्हटलं, नाही सांगितलं.